कन्नड बोलायला जावं तर तोंडात हिंदी का येते?

एका वाचक भगिनींचं पत्र आहे. सातारा जिल्ह्यातल्या. बँकेत शेतीकर्जाचं काम बघतात आणि आठ महिन्यांपूर्वी त्यांची बदली हुबळीला झाली. मराठी, हिंदी, इंग्रजी उत्तम येतं. मोबाइलवरच्या अ‍ॅपवर त्या रोज 20 कन्नड शब्द पाठ करतात, पण काउंटरवर शेतकरी समोर आला की तोंडातून हिंदीच बाहेर पडते. तीही मराठी नव्हे, हिंदी, याचं त्यांना नवल वाटतं आणि चीडही येते. त्यांच्यासोबतच बदलून आलेला तेलुगूभाषक सहकारी मात्र चौथ्या महिन्यापासून घडाघडा बोलतोय. शिकवणीच्या बाई सांगतात, ‘मराठीतून विचार करू नका.’ त्या विचारतात : तीन भाषांनी डोकं आधीच भरलंय, म्हणून चौथीचे शब्द टिकत नाहीत का? हिंदी बोलणं काही काळ बंद करू का? आणि सहा वर्षांच्या मुलीला शाळेत कन्नड शिकवायला घाई करू नये, असं घरचे म्हणतात, ते बरोबर आहे का?

ताई,

पत्रात तुम्ही डोक्याला धान्याची कणगी समजला आहात : तीन पोती आधीच ओतली, चौथ्याला जागा कुठून आणायची? शब्द तसे साठत नाहीत. नवा शब्द टिकतो तो जुन्या कशाला तरी चिकटून. ज्याच्याकडे तीन भाषा आहेत, त्याच्याकडे चिकटवायला जागा जास्त असतात. अडचण अशी की चुकीच्या जागी चिकटलेला शब्दही तितकाच घट्ट बसतो. तुमचं नेमकं हेच झालंय. मदत कुठे मिळते आणि फसगत कुठे होते हे वेगळं न करता तुम्ही सरसकट 20 शब्द रेटताय.

आधी हिंदीचं. मराठी न येता हिंदी का येते, हा पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. सारा विल्यम्स आणि ब्योर्न हामारबर्ग या दोघांनी 1998 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्वीडिश शिकणारी व्यक्ती खुद्द विल्यम्सच होती. तिची मातृभाषा इंग्रजी, आणि जर्मन तिला उत्तम येत होती. सुरुवातीच्या काळात स्वीडिश बोलताना तिच्या तोंडून नकळत जे परके शब्द पडत, त्यांत इंग्रजी कमी आणि जर्मनच जास्त असत. डोकं ‘ही आपली भाषा नव्हे’ एवढं ओळखतं, मातृभाषा बाजूला सारतं आणि ‘परक्या भाषां’च्या कप्प्यात हात घालतं. तिथे जी सगळ्यात वर असेल ती हाती लागते. तुमच्या कप्प्यात हिंदी वर आहे, कारण ऑफिसात दिवसभर तीच चालते. त्यामुळे हिंदी येणं हे कन्नड न येण्याचं लक्षण नाही. उलट, मेंदूने मराठी बाजूला ठेवायला सुरुवात केली आहे, एवढंच त्यातून कळतं.

म्हणून हिंदी बंद करू नका. ते जमणारही नाही. त्याऐवजी हिंदीचे नेमके कोणते शब्द निसटतात ते एक आठवडा टिपून ठेवा. टेबलावर कागद ठेवायचा आणि निसटला की शब्द लिहायचा. नामं फार थोडी सापडतील. सापडतील ते ‘लेकिन’, ‘मतलब’, ‘अभी’, ‘और’, ‘तो’, ‘थोडा’ असले सांध्याचे शब्द. वाक्यात ते दर दुसऱ्या पावलाला लागतात आणि शोधायला वेळ मिळत नाही. अ‍ॅपवर मात्र तुम्ही ‘सिंह’ आणि ‘विमान’ पाठ करत बसता. पहिल्या आठवड्यात फक्त हे घ्या : आद्रे (पण), मत्ते (आणि, पुन्हा), ईग (आता), आमेले (नंतर), बेग (लवकर), स्वल्प (थोडं), अष्टे (एवढंच), हौदु (हो), इल्ल (नाही) आणि अंद्रे. ‘स्वल्प’ तुमच्या ओळखीचा आहे, ‘बेग’ म्हणजे आपला ‘वेग’. ‘अंद्रे’ म्हणजे ‘म्हणजे’. आपलं ‘म्हणजे’ जसं ‘म्हणणे’पासून आलं, तसंच ते ‘अन्नु’ म्हणजे ‘म्हणणे’ या क्रियापदापासून आलं. ‘मतलब’मधून तिथे पोचता येत नाही, ‘म्हणजे’मधून सरळ पोचता येतं.

इथे शिकवणीच्या बाईंशी माझा मतभेद आहे. पहिल्या वर्षात बहुतेक प्रौढांचा नवा शब्द अर्थाकडे जातो तो ओळखीच्या भाषेतल्या शब्दावरून. तो आडरस्ता वापरानेच सुटतो, सांगून सुटत नाही. प्रश्न एवढाच की आडरस्ता कोणता घ्यायचा. तुम्ही इंग्रजी अ‍ॅपमधून शिकताय, म्हणजे कन्नडहून इंग्रजीला आणि इंग्रजीहून मनातल्या मराठीला, असा लांबचा वळसा. खरं तर कन्नड मराठीच्या अंगणातच आहे. ‘ननगे नीरु बेकु’ म्हणजे ‘मला पाणी पाहिजे’, शब्दाला शब्द. ‘चहा बेड’ म्हणजे ‘चहा नको’. ‘नको’सारखा सुटसुटीत एक शब्द हिंदीत नाही, कन्नडमध्ये आहे. ‘साकु’ म्हणजे ‘पुरे’. ‘ऊट आय्ता?’ म्हणजे ‘जेवण झालं?’ ‘बर्तीनि अंत हेळिदरु’ म्हणजे ‘येतो म्हणून सांगितलं’. त्यातलं ‘अंत’ आपल्या ‘म्हणून’च्याच जागी बसलंय.

सांगली-मिरजेला लागून असलेल्या कुपवाडमध्ये जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी गावातल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोली तपासल्या आणि 1971 मध्ये निष्कर्ष मांडले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजारामुळे या बोलींची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एका बोलीतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवला की दुसरीतलं वाक्य तयार होई. शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले. तुमच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे : वाक्याचा साचा तुमच्याकडे बराचसा तयार आहे, तुम्हाला त्यात शब्द भरायचेत.

आता ते शब्द. तुमच्या वहीतले आठ महिन्यांचे शब्द तीन ढिगांत वाटा. एका रविवारी दोन तास लागतील.

पहिला ढीग फुकटच्या शब्दांचा. बँकेत तुम्ही बसता ती ‘शाखे’, गिऱ्हाईक ‘ग्राहक’, तारीख ‘दिनांक’, अर्ज तो ‘अर्जी’, खातं ते ‘खाते’, ठेव ती ‘ठेवणी’, बाकी ती ‘बाकी’, सही ती ‘सही’. एक नियम इथे फार उपयोगी पडतो. मराठीत ‘आ’काराने संपणारे संस्कृत शब्द कन्नडमध्ये बहुधा ‘ए’काराने संपतात : भाषा–भाषे, परीक्षा–परीक्षे, समस्या–समस्ये, सूचना–सूचने, संख्या–संख्ये. नियम संस्कृतापुरताही थांबत नाही. रस्ता ‘रस्ते’ होतो, जिल्हा ‘जिल्ले’, विमा ‘विमे’, दवाखाना ‘दवाखाने’. तालुका मात्र ‘तालूकु’ होतो, तेव्हा नियमावर डोळे झाकून विसंबू नका. हा ढीग पाठ करायचा नाही. असे 60–70 शब्द दोन संध्याकाळी सहकाऱ्यासमोर मोठ्याने वाचायचे आणि त्याच्याकडून फक्त उच्चार सुधारून घ्यायचे. त्यात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ सांभाळा. आपण ‘ग्राहक्’ म्हणतो, कन्नडमध्ये शेवटचा ‘क’ पूर्ण उच्चारतात. ‘मर’ म्हणजे झाड; मराठी वळणाने ‘मर्’ म्हटलंत तर समोरच्याला तो शब्द कळणारही नाही.

या ढिगाचा एक तोटा आहे. संस्कृत शब्द ओळखीचे, म्हणून तुम्ही तेच वापरत राहाल आणि तुमचं कन्नड वर्तमानपत्रासारखं ऐकू येईल. पुस्तकात पैशाला ‘हण’ असतो; उत्तर कर्नाटकातला शेतकरी ‘रोक्क’ म्हणतो, आणि त्यात आपली ‘रोख’ आणि ‘रोकड’ लगेच ओळखू येते. बंगळूरकडे कांदा ‘ईरुळ्ळी’, तुमच्याकडे ‘उळ्ळागड्डी’. तिकडे भुईमूग ‘कडलेकायि’, तुमच्याकडे चक्क ‘शेंगा’. अ‍ॅप तुम्हाला बंगळूरची भाषा शिकवतंय आणि तुम्ही ती हुबळीत वापरताय. अ‍ॅपमधला प्रत्येक शब्द वहीत जाण्याआधी शाखेतल्या शिपायाला किंवा बाजारातल्या भाजीवालीला विचारून घ्या : ‘इदक्के कन्नडदल्लि एनंतारे?’ याला कन्नडमध्ये काय म्हणतात?

दुसरा ढीग फसव्यांचा. हा छोटा असतो आणि सगळा त्रास इथूनच होतो. तुमच्या कामातलाच पहिला शब्द : ‘साल’. मराठीत वर्ष नाहीतर फळाची साल, कन्नडमध्ये कर्ज. ‘विळास’ म्हणजे ऐषआराम नव्हे, पत्ता. ‘संबळ’ गोंधळ्याच्या हातातला नव्हे, तो पगार. ‘अनुमान’ म्हणजे शंका, संशय. ‘अभ्यास’ म्हणजे सवय. ‘प्रपंच’ म्हणजे जग. ‘निधान’ म्हणजे सावकाश. ‘मळे’ म्हणजे पाऊस. ‘कोळि’ म्हणजे कोंबडी, ‘हळ्ळि’ म्हणजे खेडं, आणि ‘ताई’ म्हणजे आई. ‘मोठी बहीण’ असेल तर ती ‘अक्क’. एक गंमत बघा : ‘शिक्षे’ कन्नडमध्येही दंडच आहे, शिक्षणाला ‘शिक्षण’. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. इथे मराठीवर भरवसा ठेवा आणि हिंदीला दूर ठेवा.

फसव्या शब्दाच्या समोर नुसता अर्थ लिहून भागत नाही, कारण जुना अर्थ आधी धावत येतो. त्याला वाक्यात बांधावं लागतं, आणि वाक्य असं हवं की मराठी अर्थ त्यात बसूच शकणार नाही. ‘साल = कर्ज’ असं लिहू नका, ‘साल बेकु’ (कर्ज पाहिजे) असं लिहा. वर्ष कोण मागायला येणार? ‘विळास हेळ्री’ (पत्ता सांगा). दिवसाला दोनच फसवे शब्द घ्या आणि ते एकमेकांसारखे नसावेत.

फिनलंडमधले हॉकन रिंगबोम यांनी फिनिश आणि स्वीडिश बोलणाऱ्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी बरीच वर्षं तपासलं. परक्या भाषेतून शब्दाचं रूप उसनं येतं, पण शब्दाच्या अर्थाची व्याप्ती बहुतेक वेळा मातृभाषेतूनच येते, असं त्यांना दिसलं. तुमच्या फसव्या शब्दांचं मूळ इथेच आहे. रूप कन्नड, आत अर्थ मराठी. तोंडात हिंदी आली तर निदान कानाला कळतं. हे कळत नाही. म्हणून दोन्हींपैकी जास्त काळजी मी याची करेन.

तिसरा ढीग अगदी नव्यांचा : बड्डि (व्याज), कंतु (हप्ता), होल (शेत), हालु (दूध), कोडु (देणं), तगो (घेणं). खरी मेहनत इथे. रोज 20 नकोत, 6 घ्या, रविवारी काहीच नको. नवा शब्द दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, सातव्या आणि पंधराव्या दिवशी स्वतःला विचारायचा. विचारायचा म्हणजे मराठी बघून कन्नड तोंडाने म्हणायचं. कन्नड बघून ‘हो, माहीत आहे’ असं मान डोलावणं मोजायचं नाही. तुमचे आठ महिने बरेचसे त्यातच गेले असावेत. आणि एकाच दिवशी सगळ्या भाज्या किंवा सगळे वार घेऊ नका. सारख्या जातीचे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत मिसळतात, हे 1990च्या दशकातल्या प्रयोगांमधून दिसलं आहे. ‘निन्ने’ (काल) आणि ‘नाळे’ (उद्या) एकाच दिवशी शिकणाऱ्याला कर्जाची तारीख सांगताना दोन्ही चुकतात. आज ‘नाळे’ घ्या, ‘निन्ने’ पुढच्या आठवड्यात.

टिकत नसलेल्या शब्दाला ओळखीच्या मराठी आवाजाचा आकडा, म्हणजे अडकवायचा हूक, लावा. ‘ऊट’ म्हणजे जेवण, ‘ऊठ, पानं वाढलीत.’ ‘कोळि’साठी कोळ्याच्या टोपलीत कोंबडी. चित्र जितकं वेडंवाकडं तितकं चांगलं. पण आकडा काम झालं की काढून ठेवावा, नाहीतर उच्चार बिघडतो. ‘ऊट’मध्ये ‘ट’ आहे, ‘ठ’ नाही.

आता एक अशी गोष्ट, जी मराठी माणसाला हमखास नडते आणि तुमच्या टेबलावर रोज येत असेल. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ वेगळे आहेत, तसेच ‘ओ’ही. आपल्याकडे हा भेद नाही. ‘बेळे’ ऱ्हस्व म्हटलं की पीक, ‘बेळे’ लांबवलं की डाळ. बघा, देवनागरीत दोन्ही मी एकसारखंच लिहिलं. शिवाय ‘बेले’ म्हणजे किंमत. ‘बेळे साल’ म्हणजे पीककर्ज. पहिला ‘बे’ ओढलात की शेतकरी मनातल्या मनात डाळीचं कर्ज ऐकतो. ‘कोडु’ आखूड म्हटलं की ‘दे’, लांबवलं की ‘शिंग’. ‘ळ’ आणि ‘ल’मधला फरक मात्र तुम्हाला जन्मजात येतो, हिंदीभाषकाला त्यासाठी महिनोन्‌महिने घासावं लागतं.

देवनागरीत कन्नड लिहिणं म्हणूनच आजपासून थांबवा. कन्नड वर्णमालेत 49 अक्षरं आहेत, क्रम तोच क ख ग घ, आणि बाराखडीला ‘कागुणित’ म्हणतात. रोज अर्धा तास दिलात तर तीन आठवड्यांत दुकानांच्या पाट्या वाचाल, आणि ऱ्हस्व-दीर्घ डोळ्याला दिसायला लागले की कानालाही ऐकू येतील.

काउंटरवर आणखी एक अडचण येते, ती लोकांच्या चांगुलपणाची. हुबळी-धारवाडकडे अनेकांना मराठी-हिंदी समजते. तुम्ही अडखळलात की ते तुमच्या सोयीसाठी हिंदीवर येतात आणि तुमचा सराव तिथेच थांबतो. तेव्हा हसून म्हणा, ‘कन्नड कलीतिद्दीनि, निधानक्के हेळ्री.’ कन्नड शिकतेय, सावकाश सांगा. प्रत्येक गिऱ्हाइकाशी पहिली दोन वाक्यं कन्नडमध्ये, मग गर्दी असेल तर हिंदी चालेल. सकाळी शटर उघडण्याआधी पाच मिनिटं एखादा कन्नड अर्ज मोठ्याने वाचा. परक्या भाषांच्या कप्प्यात सगळ्यात वर तीच राहते, जी नुकतीच वापरलेली असते. सकाळचा पहिला अर्धा तास हिंदीत गेला तर दुपारपर्यंत तीच वर राहील.

मुलीबद्दल थोडक्यात. थांबवू नका. अनेक भाषांत वाढणाऱ्या मुलांचा एकेका भाषेतला शब्दसाठा त्या वयात थोडा कमी भरतो, विशेषतः घरातल्या वस्तूंच्या शब्दांत. सगळ्या भाषा मिळून मोजलं तर साठा कमी नसतो. घरी तुम्ही मराठीतच बोला, चांगली भरघोस मराठी. कन्नड तिला शाळा आणि गल्ली देईल, आणि बहुधा तुमच्या आधी देईल. ती तुमचा ‘बेळे’ सुधारायला लागली तर सुधारू द्या.

राहिला तुमचा सहकारी. तो हुशार असेलही, पण त्याला मिळालेली सूटही बघा. तेलुगू आणि कन्नड एकाच कुळातल्या. पाच आणि सहा दोन्हीकडे ‘अइदु’ आणि ‘आरु’. त्याच्या ‘प’च्या जागी ‘ह’ ठेवला की कित्येक शब्द तयार होतात : पालु–हालु, पुलि–हुलि (वाघ), पामु–हावु (साप). लिपीही जवळची. पण मराठी आणि फारसी वळणाच्या शब्दांत, म्हणजे अर्जी, ठेवणी, जामीनु, रसीदि, तुम्ही त्याच्या पुढे असायला हवं. दुपारी डब्याच्या वेळी पंधरा मिनिटं दोघं बसा. त्याने तुम्हाला ‘ह’चे शब्द द्यावेत, तुम्ही त्याला कचेरीचे. आणि तो ‘गरज आहे’ या अर्थाने ‘अवसर’ म्हणत असेल तर थांबवा त्याला. तेलुगूत ‘अवसरम्’ म्हणजे गरज. कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणजे घाई. चार महिने तो लोकांना काय सांगत असेल, कोण जाणे.